वाळूखाली

कुंभारवाड्यात पणत्यांच्या चळतींमागे बसून
इंदूताई जोर्वेकरांनी मातीचा लोंदा न तोलताच दिला.
“काय घडवणार?”
काहीच नाही. काचेच्या टाकीत तळाला घालणार,
वर वाळू, वाळूवर पाणी, पाण्यात रोपं.
“आणि भाजणार कधी?”
भाजायची नाही, म्हटलं.
गहू नेऊन दळणार नाही म्हणणाऱ्याकडे बघावं
तसं त्यांनी बघितलं,
आणि पिशवीला गाठ मारली.

तीस वर्षं मी भोसरीत, फाउंड्रीत.
वाळूत बेंटोनाइट कालवायचं, मुठीत दाबायचं,
मूठ उघडली की बोटांचे ठसे राहिले पाहिजेत.
मग साचा. मग रस.
मग हातोडा.
माती आमच्याकडे एका पाळीची पाहुणी,
लोखंड थंड झालं की फोडायची.
तिला जपून ठेवायचं असतं
हे माझ्या हातांना ठाऊकच नाही.

म्हणून धायरीच्या या चौथ्या मजल्यावर
रंगाच्या रिकाम्या डब्यात तिला भिजत घातली
तेव्हा घाई हातांचीच झाली.
पहिल्या पाण्यावर काड्या आल्या, एक मुंगळा,
कुणाच्या तरी कपाळावरची टिकली.
ते पाणी कढीपत्त्याला.
दुसरं पाणी टपरीच्या चहासारखं,
तेही कढीपत्त्याला.
तिसरं घालायला गेलो तर नळ खाकरला नुसता.
गुरुवार.
पाणी नाही, हे पुण्यात राहून विसरलो.

शुक्रवारी झाकण काढलं,
तर न ढवळता, न काही करता
गाळ गाळाच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी.
इतकं नितळ, की खाली दिसले
बुधवारी ओढलेले माझ्याच बोटांचे चार चर.

वाळवायला चौकात पडलेला फ्लेक्स आणला.
माती पसरली थेट भाऊंच्या वाढदिवसावर.
दोन उन्हांत भाऊंच्या कपाळाला भेगा,
गालावर खपल्या, शुभेच्छांतला ‘भे’ गायब.
हेमलता कपडे वाळत घालता घालता म्हणाली,
“यांना जरा जास्तच ऊन लागलंय.”
पुरणाची चाळण मागितली, तर उत्तर नाही.
रात्री मोरीपाशी ठेवलेली दिसली
जुनी, एका कानाची पिठाची चाळण.

महाबळेश्वरच्या वाटेवरून आणलेली
तांबडी माती ओंजळभर त्यात कालवली,
लोहासाठी.
म्हणजे इथेही शेवटी लोखंडच.
पण भट्टी नाही, ठिणगी नाही,
रोपांनी केसाएवढ्या मुळांनी
हवं तेव्हा हवं तेवढं चाटून घ्यायचं.

थर एक बोट, फार नाही.
जाड झाला तर आतून आंबतो,
बुडबुड्यांना नासक्या अंड्याचा वास येतो.
वर दोन बोटं धुतलेली वाळू.
बशीवर धार धरून पाणी सोडलं,
इतकं हळू की बादली संपेपर्यंत
खालच्या मजल्यावर कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या.
तरी पहिला दिवस पाणी दुधी.
दुसरा दिवसही.
मी टाकीसमोर स्टूल टाकून बसलो,
साच्यात रस ओतल्यावर बसायचो तसा,
पण हातोडा न शोधता.

महिन्यानं इंदूताईंना फोनवर फोटो दाखवला.
रोपं त्यांनी पाहिलीच नाहीत.
“माती कुठाय माझी?”
फोटो मोठा करून कड दाखवली.
काचेला लागून एक काळपट रेघ,
आणि तिच्यात वरून उतरलेलं
पांढरं, दोऱ्याएवढं मूळ.
ओल्या हातानं फोन धरून
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
“चाकावरनं मडकं उतरवताना
असाच दोरा फिरवतो आम्ही,” म्हणाल्या.
“कापायला.”

मग फोन पदराला पुसून परत दिला.
“त्या दिवशीचे पैसे राहिलेत हं,
म्हटलं परत आणून द्याल.”